कोथरूडचा योगवर्ग आणि माझे जर्मनीचे दौरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गाच्या दारात, फोनवर, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसल्यावर लोक मला बहुतेक हेच प्रश्न विचारतात. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं उत्तर दिलं जातं आणि मग रात्री वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं. म्हणून एकदा बसून लिहून काढलं.

ताई, तुम्ही परदेशात नक्की कुठे जाता? किती दिवस?

जर्मनीत. पहिल्यांदा 2011 साली गेले. आता वर्षातून दोनदा जाणं होतं: मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत सहा आठवडे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चार आठवडे. मुख्य मुक्काम लायप्झिगला, तिथून फ्रायबुर्गला आणि आसपासच्या लहान गावांत. तिकडे गावोगावी फोल्क्सहोखशूल नावाच्या प्रौढांच्या शाळा असतात. सरकारी मदतीवर चालतात, फी बेताची असते. संध्याकाळी एका खोलीत कुणी स्पॅनिश शिकत असतं, दुसरीत शिवणकाम, तिसरीत योग. माझे बरेचसे वर्ग अशा खोल्यांतच होतात. टेबलं भिंतीला लावायची, खुर्च्या एकावर एक रचायच्या, फरशी पुसायची आणि सुरू करायचं. कोथरूडला आम्ही मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये सुरुवात केली तेव्हाही हेच करत होतो, त्यामुळे मला कधी परकं वाटलं नाही.

तुम्ही नसताना इथले वर्ग बंद असतात का?

नाही. सकाळच्या दोन्ही बॅच माझ्याकडे बारा-पंधरा वर्षं शिकलेल्या दोघी जणी घेतात आणि उत्तम घेतात. दर बुधवारची संध्याकाळची बॅच मी तिकडून ऑनलाइन घेते. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे इथले संध्याकाळचे सात तिथे दुपारचे साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे करतात आणि फरक साडेचार तासांचा होतो. एका वर्षी मी त्या रविवारनंतर चार दिवस थांबले होते आणि हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी साडेतीनला लॅपटॉप उघडला तेव्हा पुण्यात आठ वाजले होते. अकरा जण वाट पाहून, आपलं आपण सर्वांगासन आणि शवासन करून पांघरुणं घडी घालत होते. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. शिक्षकावाचून अडू नये, यासाठीच तर शिकवायचं.

योग म्हणायचं की योगा?

योग. मराठीत शब्दाच्या शेवटी काना देण्याचं काही कारण नाही. जर्मन लोक ‘योगा’ म्हणतात, त्यांच्या तोंडी ते ठीक आहे.

जर्मन येतं का तुम्हाला? भाषेशिवाय कसं शिकवता?

पहिल्या वर्षी अजिबात येत नव्हतं. एक दुभाषी बाई सोबत असायच्या. मी वाक्य बोलायचे, त्या त्याचं जर्मन करायच्या, आणि तोवर समोरच्यांनी त्रिकोणासनात हात खाली नेऊन गुडघा वाकवलेला असायचा. दीड तासाच्या वर्गात चार आसनंही होईनात. मग मी बोलणं कमी केलं. स्वतः करून दाखवायचं, थांबायचं, मग बघायचं. आइनआटमन म्हणजे श्वास घ्या, आउसआटमन म्हणजे सोडा, लांगझाम म्हणजे सावकाश. एवढ्या तीन शब्दांवर पहिला दौरा निघाला. आता कामापुरतं जर्मन येतं, तरी मी मुद्दाम कमीच बोलते. इथे आल्यावरही तीच सवय राहिली. जुने विद्यार्थी सांगतात की 2011 पूर्वी ताई फार बोलायच्या.

मला या बाबतीत नेहमी योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची आठवण होते. 1937 साली ते पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. डेक्कन जिमखान्यावर शिकवायला म्हणून सहा महिन्यांसाठी आले होते, मराठी येत नव्हतं. ते पुण्याचेच झाले आणि 2014 मध्ये इथेच गेले. आपण पुण्याला योगाचं गाव म्हणतो, पण त्या पोरसवदा शिक्षकाला पुणं हा परमुलूखच होता. त्यांनी समोरचं शरीर वाचलं आणि त्यावरून शिकवलं. मी त्यांची थेट शिष्या नाही, पण माझ्या गुरूंच्या हातून जे आलं ते त्याच घरचं आहे.

भाषेची एक गोष्ट मात्र मी चूक करून शिकले. फ्रायबुर्गला एका बाईंचे खांदे कानाशी चढले होते, म्हणून मी मागून जाऊन दोन्ही हातांनी खाली दाबले. इथे मी हे रोज करायचे. त्या दचकल्या, बाजूला झाल्या आणि वर्ग संपेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. पुढच्या दिवसापासून मी आधी समोर येते, डोळ्यांत बघते, विचारते आणि मगच हात लावते. कोथरूडलाही. इथे कुणी दचकून बाजूला होत नाही, पण नको असताना गप्प राहणाऱ्या किती जणी असतील याचा विचार मी त्याआधी केला नव्हता.

तिकडचे लोक योगात आपल्यापुढे गेलेत, हे खरं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बहुतेकांना हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. मला जे दिसलं ते सांगते.

शरीराच्या बाबतीत ते आपल्यामागे असायला हवे होते. लहानपणापासून खुर्ची, टेबल, गादी. जमिनीवर बसण्याची सवयच नाही. साध्या सुखासनात बसवलं तर गुडघे छातीपाशी येतात आणि पाठ कमानीसारखी मागे जाते. खाली दोन घोंगड्यांची घडी दिली की कुठे कंबर सरळ होते. उकिडवं तर बसताच येत नाही, टाचा उचलल्या जातात आणि माणूस मागे पडतो. लायप्झिगच्या वर्गात एक सुतार यायचे, साठीच्या पुढचे. उकिडवं बसताना दर वेळी भिंतीला धरायचे. तिसऱ्या दिवशी ते येताना खिशातून दोन लाकडी पाचरी घेऊन आले. बीचच्या लाकडाच्या, एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारख्या पातळ, कडा काचकागदाने घासून गुळगुळीत केलेल्या. त्या त्यांनी टाचांखाली सरकवल्या आणि हात सोडून खाली बसले. पाच श्वास बसले. मग वर आले आणि मला विचारलं, आता उद्या किती मिलिमीटर तासू?

दर आठवड्याला थोडी थोडी ती पाचर तासली जात होती. मी ऑक्टोबरमध्ये परत गेले तेव्हा जाड बाजू निम्मी उरली होती. दोन वर्षांनी ते पुण्याला तीन आठवडे शिकायला आले आणि आमच्यासाठी अशा बारा जोड्या सागवानी तुकड्यांतून करून दिल्या. त्या आधी आमच्याकडे होत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा.

आता त्या पाचरी इथे कोण वापरतं? मला वाटलं होतं, आजी मंडळींना लागतील. पण आजींना उकिडवं बसता येतं, त्यांचा प्रश्न उठण्याचा असतो. पाचरी लागतात त्या हिंजवडीला जाणाऱ्या पंचविशी-तिशीच्या मुलामुलींना. सकाळी गाडीत बसायचं, दिवसभर खुर्चीत, घरी सोफ्यावर. लायप्झिगच्या सुतारकाकांचा घोटा जसा आखडलेला होता तसाच यांचा आहे. तेव्हा आपलं शरीर जात्याच लवचीक, ही समजूत मी सोडून दिली. मांडी घालणं, उकिडवं बसणं, खाली बसून भाजी निवडणं हे आपलं व्यायामाचं भांडवल होतं, आणि ते आपण एका पिढीत खर्च करतो आहोत.

ते लोक पुढे आहेत ते प्रश्न विचारण्यात. वारूम, म्हणजे का. डावा पाय आधी का? श्वास इथेच का सोडायचा? हे आसन झाल्यावर तेच का? पहिल्या वर्षी मला याचा त्रास झाला, कारण कितीतरी गोष्टी मी गुरूंनी सांगितल्या म्हणून करत होते. मग मी परत येऊन लोणावळ्याला कैवल्यधामच्या ग्रंथालयात बसले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये तिथे आश्रम सुरू केला आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिकही काढलं. क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रं लावून त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीरात काय होतं ते तपासलं. नौलीत मोठ्या आतड्यात जो कमी दाब तयार होतो त्याला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून माधवदास व्हॅक्यूम असं नाव दिलं. म्हणजे ‘का’ हा प्रश्न जर्मनीतून आलेला नाही. आपल्याच घाटमाथ्यावर एका माणसाने तो शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. मी तो लायप्झिगला जाऊन ऐकला, हे मात्र खरं.

आणि एक गोष्ट आपल्याकडे आहे, तिकडे नाही. शवासनात आपली माणसं खरंच पडतात. हात सुटतात, जबडा सैल होतो, एखादा घोरतो. तिकडे बहुतेक जण पहिले काही महिने शवासनातही काम करत असतात.

योग परदेशात सगळ्यात आधी कुणी नेला?

स्वामी विवेकानंद 1893 मध्ये शिकागोला गेले आणि पुढे अमेरिकेत त्यांनी राजयोगावर वर्ग घेतले. आसनांच्या बाबतीत मुंबईचं नाव आधी घ्यायला हवं. श्री योगेंद्र यांनी 1918 मध्ये वर्सोव्याला द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली, आज ती सांताक्रूझला आहे. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कजवळ शिकवू लागले. अय्यंगार गुरुजींना 1952 मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन भेटले आणि त्यांच्या बोलावण्यावरून ते 1954 मध्ये युरोपात गेले. आज माझ्यासारखी तिकडे जाऊ शकते, कारण वाट त्यांनी मळून ठेवली आहे.

तिकडे सूर्यनमस्कार शिकवता का?

शिकवते, आणि शिकवताना औंधचं नाव सांगते. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि त्यांनी संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार करणारा दुसरा माणूस नसेल. जर्मन विद्यार्थ्यांना वाटतं की ही हजारो वर्षांची जशीच्या तशी परंपरा आहे. मी त्यांना सांगते की आज आपण ज्या क्रमाने करतो त्याची घडण बरीचशी अलीकडची आहे आणि त्यात आमच्या आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या पटांगणाचा वाटा आहे. सूर्याला नमस्कार जुना, कवायत नवी. दोन्ही आपलंच आहे.

ॐकार म्हणावाच लागतो का? आम्ही वेगळ्या धर्माचे आहोत.

लागत नाही. कोथरूडच्या वर्गात सुरुवातीला पतंजलींची प्रार्थना होते. ज्यांना म्हणायची त्यांनी म्हणावी, बाकीच्यांनी डोळे मिटून बसावं. तिकडच्या एका गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या आजी यायच्या, त्या प्रार्थनेच्या वेळी स्वतःची प्रार्थना मनात म्हणायच्या. त्यांचा श्वास सगळ्यांत लांब होता. पण मी प्रार्थना वगळतही नाही. ही विद्या जिथून आली त्याचं ऋण सांगणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे.

मला गुडघेदुखी / बीपी / मणक्याचा त्रास आहे. मी येऊ शकते का?

या, पण पहिल्या दिवशी येताना रिपोर्ट घेऊन या आणि काही लपवू नका. लपवल्यामुळे झालेल्या दुखापतीच मी जास्त पाहिल्या आहेत.

गुडघा हा बिजागरीसारखा सांधा आहे, तो मिटतो आणि उघडतो. पद्मासनात पाय वळतो तो खुब्यातून वळायला हवा. खुबा वळला नाही आणि आपण पाऊल ओढून मांडीवर ठेवलं, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्यामुळे माझ्या वर्गात पद्मासनाची घाई नाही. काही जण तीन वर्षांनी करतात, काही कधीच करत नाहीत आणि त्याने काही बिघडत नाही. वज्रासनात त्रास होत असेल तर गुडघ्याच्या मागे गुंडाळलेली सुती पंचाची वळकटी ठेवून बघू.

रक्तदाब वाढलेला असेल तर शीर्षासन नाही, कपालभाती आणि भस्त्रिका नाही, श्वास रोखून धरणं नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं कुठलंच आसन नाही, कारण त्यात डोळ्यातला दाब वाढतो. याला माझ्याकडे अपवाद नाही, कितीही वर्षं शीर्षासन करत आला असाल तरी. मणक्याची गादी सरकलेली असेल आणि दुखणं ताजं असेल तर पुढे वाकायचं नाही. आधी दुखणं बसू दे. डॉक्टरांनी दिलेली गोळी माझ्या सांगण्यावरून कुणी बंद करू नये. मी तसं कधीच सांगत नाही, आणि योगाने गोळ्या सुटतील असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या शिक्षकाकडे जाऊ नका.

जलनेती शिकवता का?

रविवारी सकाळी, वेगळी. पाणी उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ. तेवढं खारट असलं की नाकात झोंबत नाही. नंतर नाक कोरडं करणं शिकल्याशिवाय घरी करू नका. जर्मनीत नाक धुण्याचं भांडं औषधाच्या दुकानात मिळतं आणि सर्दीला तिथले डॉक्टरही ते सुचवतात, त्यामुळे तिकडे हे शिकवणं मला इथल्यापेक्षा सोपं जातं.

तिकडे भरपूर पैसे मिळत असतील. मग इथे वर्ग कशाला घेता?

तिकडे एका शनिवार-रविवारच्या शिबिराचं मानधन इथल्या एका बॅचच्या दोन महिन्यांच्या फीएवढं होतं. इथली फी महिन्याला 1,200 रुपये आहे, ज्येष्ठांना 800. ही फी मी वाढवत नाही.

तिकडच्या मानधनातून दुपारी अडीचची बॅच चालते. त्या बॅचला फी नाही. त्यात आपल्या सोसायट्यांमधून धुणीभांडी, पोळ्या, केरफरशी करणाऱ्या सोळा जणी येतात. सकाळची कामं उरकलेली असतात, संध्याकाळची व्हायची असतात. त्यांना ताणण्याची आसनं मी फार देत नाही, त्या दिवसभर ताणलेल्याच असतात. आल्या आल्या भिंतीला पाय लावून विपरीत करणी, दहा मिनिटं. पायांच्या टाचा भेगाळलेल्या, पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या. पहिली तीन-चार मिनिटं बोलणं चालू असतं, मग एकेक आवाज थांबतो. पोळ्या करणाऱ्यांचे उजवे खांदे पुढे आलेले असतात, धुणं पिळणाऱ्यांची मनगटं दुखतात. त्यांच्यासाठी दोराला धरून खांदे मागे उघडण्याचा एक प्रकार आम्ही करतो. त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, ‘ताई, कुणीतरी पाठीवरून हांडा उतरवल्यासारखं झालं.’ त्या बॅचमध्ये कुणी कंटाळा आला म्हणून दांडी मारत नाही. येऊ शकल्या नाहीत तर कामामुळेच.

इथे वर्ग कशाला, याचं उत्तर मला याहून वेगळं देता येणार नाही.

मलाही परदेशात योग शिकवायला जायचंय. काय करू?

आधी एकाच ठिकाणी, एकाच बॅचला, किमान पाच वर्षं शिकवा. तीच माणसं पाच वर्षांनी कशी बदलतात हे पाहिल्याशिवाय आपण काय शिकवतो ते कळत नाही.

कागदांचं सांगायचं तर, पर्यटक व्हिसावर जाऊन पैसे घेऊन शिकवू नका. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसावर, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. पण शिकवण्याच्या कामासाठी कुठली परवानगी लागेल ते निमंत्रणपत्र हातात ठेवून वकिलातीकडूनच लेखी विचारून घ्या. प्रमाणपत्रांत, 200 तासांचं योगा अलायन्स हे अमेरिकेतल्या खासगी संस्थेचं मानांकन आहे. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा होतात. जर्मनीत तर ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या योगवर्गाच्या फीचा काही भाग तिथल्या आरोग्य विमा संस्था भरतात, आणि त्यासाठी शिक्षकाचं प्रशिक्षण फार बारकाईने तपासतात. असे वर्ग तिथले स्थानिक शिक्षक घेतात, मी नाही.

आणि आपण जे नाही ते पत्रकावर छापू देऊ नका. एका स्टुडिओने माझा फोटो लावून खाली ‘हिमालयातील योगिनी’ असं छापलं होतं. मी हिमालयात एकदाच गेले आहे, यात्रा कंपनीबरोबर. मी सांगितलं की पत्रक बदला, नाहीतर मी येत नाही. त्यांना राग आला, उरलेलं मानधन त्यांनी आजतागायत दिलेलं नाही. पण नवीन पत्रकावर ‘पुण्याची योगशिक्षिका’ असं छापलं गेलं आणि त्या वर्गाला लोक आलेच.

नवीन बॅच कधी? येताना काय आणायचं?

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सहा आणि साडेसात. स्वतःची सतरंजी आणि एक सुती चादर आणा. रबरी मॅट हवीच असं नाही. पट्टे, लोड, पाचरी इथे आहेत. सैल कपडे, दागिने कमी. पोट रिकामं असावं. चहा चालेल, पोहे खाऊन येऊ नका. जेवल्यावर किमान चार तासांनी आसनं. फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी या, म्हणजे तुम्ही कशा बसता, कशा उठता ते मला बघता येईल.